मांजरापेक्षा चार मार्क कमी

"पहिल्याच फटक्यात काढतो की नाही बघा!" अशी घोषणा झाली तेव्हा घरात आई, अप्पा आणि शेजारचं मांजर एवढेच हजर होते. पण घोषणेचा थाट असा, की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीनं पोराचं नाव 'साहेब' पाडलं. परीक्षेचा अजून फॉर्मसुद्धा भरायचा होता, आणि साहेब रुजू झाले पण!

परीक्षा साधीसुधी नव्हती. मोठ्या सरकारी अधिकाऱ्यांची! बसतात लाखांनी, निघतात शेकड्यांनी.

अप्पा शिंपी. कोट शिवावा तर अप्पांनी, आणि तो वेळेवर मिळायची आशा सोडावी गिऱ्हाइकानं. "शुक्रवारी नक्की!" हे त्यांचं गेल्या तीस वर्षांचं ठरलेलं उत्तर. कुठला शुक्रवार, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

गळ्यातला टेप सावरत अप्पा म्हणाले, "एक वर्ष दिलं. दुकानात पाऊल टाकू नकोस, फक्त अभ्यास कर. पण पूर्वपरीक्षेत उडालास, तर ते कोपऱ्यातलं दुसरं मशीन तुझं!"

त्या मशीनचं नाव काढलं की साहेब दोन पावलं मागे सरकायचे. कॉलेजच्या सुट्टीत त्यांनी त्याच मशीनवर एका वकिलाच्या कोटाची बाही मनगटाशी शिवून बंद करून टाकली होती. वकीलसाहेब भर कोर्टात स्वतःचाच हात शोधत बसले!

म्हणून साहेब इरेला पेटले. क्लास लावला. पहिल्याच सराव परीक्षेत शंभर प्रश्नांचे शंभर गोल धडाधड काळे करून टाकले. एकही सोडला नाही! आठवड्यानं निकाल लागला. बावीस बरोबर, अठ्ठ्याहत्तर चूक. एका चुकीला एक तृतीयांश मार्क वजा. हिशेब करून सरांनी आकडा वाचला, "उणे चार."

"उणे?" साहेब घरी येऊन कडाडले. "म्हणजे शून्याच्या खाली? अरे, हे शेजारचं मांजर परीक्षेला बसलंच नाही, त्याला शून्य! आणि मी रात्रंदिवस घासून मांजरापेक्षा चारनं कमी? हा कुठला न्याय?"

"मांजर गप्प बसलं ना," आई म्हणाली. "तू बोलून फसलास."

हे वाक्य साहेबांना असं काही लागलं, की त्यांनी तिथल्या तिथे योजना मांडली. निगेटिव्ह मार्किंगची सवय घरातच लावायची! अप्पांच्या दुकानातलं काळं अस्तर भिंतीवर ताणलं, मापाचा खडू शेजारी टांगला. घरच्यांनी रोज प्रश्न विचारायचे. बरोबरला एक, चुकीला एक तृतीयांश वजा, सोडलेल्याला काही नाही.

"आणि बेरीज शून्याच्या खाली गेली तर?" अप्पांनी विचारलं.

"जाणारच नाही!"

"गेली तर एक तास दुकानात बटणं लावायची."

"कबूल!" साहेब म्हणाले. स्वतःच्या हातानं स्वतःचा खड्डा इतक्या उत्साहानं खणणारा माणूस गल्लीनं पहिल्यांदाच पाहिला.

पहिल्या दिवशी आईनं पुस्तक उघडलंच नाही. तिनं सरळ विचारलं, "ओला टॉवेल कुठे आहे? ए, दोरीवर. बी, गादीवर. सी, खुर्चीवर. डी, दरवाज्यामागे."

"हे सिलॅबसमध्ये नाही!"

"सामान्य ज्ञान. बोल."

"ए."

"बी!" आईनं खडू उचलला. "पुढचा प्रश्न. मावशीला वाढदिवसाचा फोन केलास का?"

"केला... म्हणजे करणार होतो..."

"चूक!"

"गिझर बंद केलास?"

"हो!"

अप्पांनी बाथरूममध्ये डोकावून नुसती मान हलवली. आईनं तिसरी रेघ ओढली. दहा मिनिटांत बेरीज उणे एक! साहेब तणतणत दुकानात गेले आणि तासभर बटणं लावत बसले. त्यातली दोन स्वतःच्याच शर्टाला शिवली गेली, तो संताप वेगळाच!

चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. मांजराचं चुकतच नाही, कारण मांजर उत्तरच देत नाही!

"वरच्या मजल्यावरच्या काकू काय म्हणाल्या?"

"सोडला."

"पाणी भरून ठेवलंस?"

"सोडला."

"अरे मेल्या, जेवणार आहेस का?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. भूक होती, पण शंभर टक्के खात्री? "सोडला," ते म्हणाले आणि उपाशी झोपले. पण बेरीज हलली नाही! या आनंदात पोट कुरकुरलेलंही त्यांना कळलं नाही.

खरा भडका उडाला तो पुढच्या आठवड्यात. पहिल्या चार दिवसांतली एक राहिलेली शिक्षा फेडायला साहेब दुकानात बटणं लावत होते. अप्पा जेवायला घरी गेले होते. एवढ्यात रिटायर्ड हेडमास्तर आले. त्यांचा कोट गेले चार महिने शुक्रवारी मिळणार होता.

"काय रे, कोट झाला का माझा?"

"सोडला."

"काय सोडला? बरं, तुझे वडील कधी येतील?"

"सोडला."

हेडमास्तरांनी चष्मा काढून नीट पाहिलं. पोराचे डोळे अभ्यासानं तांबारलेले, शर्टाला भलत्याच जागी दोन बटणं, आणि तोंडात एकच शब्द! मास्तर घाबरले. धावत शेजारच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर दातांचे होते, पण अशा वेळी कोण बघतं?

"आ करा," सवयीनं डॉक्टर म्हणाले. मग भानावर येऊन त्यांनी विचारलं, "आज वार कुठला?"

अभ्यासाच्या नादात साहेबांचे वार कधीच विस्कटले होते. बुधवार? गुरुवार? पन्नास-पन्नास! "पर्याय द्या," ते म्हणाले.

"काय?"

"चार पर्याय द्या! पर्यायांशिवाय प्रश्न विचारायचा नियमच नाही!"

तेवढ्यात गलका ऐकून अप्पा हात न धुताच धावत आले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं, "हे कोण?"

साहेबांनी बापाकडे पाहिलं. बाप साहेबांकडे पाहू लागला.

"वडील!" साहेब शेवटी ओरडले. "पण हा प्रश्न अतिसोपा होता, यात काहीतरी सापळा असणार!"

अप्पांनी कपाळाला हात लावला. मास्तरांना म्हणाले, "शुक्रवारी नक्की."

परीक्षा आली. साहेब ताठ मानेनं आत गेले. पहिला प्रश्न वाचला, उत्तर सी. नक्की सी! पेन्सिल टेकवणार, एवढ्यात डोळ्यांसमोर गादीवरचा ओला टॉवेल आला. सोडला! दुसरा, बी असणार. पण गिझरचंही असंच वाटलं होतं. सोडला! दोन तास हेच. बाहेर आले ते छाती फुगवून. "एकही चूक नाही! लावतो पैज!"

आणि खरंच, एकही नव्हती. निकाल लागला : अकरा प्रश्न सोडवले, अकराच्या अकरा बरोबर. कट-ऑफ पन्नास.

"अरे, पण बाकीच्या एकोणनव्वदांचं काय?" आईनं विचारलं.

साहेबांनी उत्तरतालिका काढून, मनात आलेली पण न लिहिलेली उत्तरं एकेक ताडून पाहिली. चोपन्न बरोबर, पस्तीस चूक. आधीचे अकरा धरून, सगळं वजा जाता त्रेपन्नच्या वर!

"मी पास होतो!" साहेब अस्तरावर मुठी आपटत ओरडले. "मनातल्या मनात मी पास होतो! या टॉवेलनं माझं वाटोळं केलं!"

ऐकून घ्यायला मांजर होतं. ते जांभई देऊन निघून गेलं.

ठरल्याप्रमाणे साहेब दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या मशीनवर बसले. तोंड असं, की जणू मशीननंच त्यांना नापास केलं. हेडमास्तर आले. लांबूनच, जपून विचारलं, "कोट कधी?"

साहेबांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी नुसत्या भुवया उडवल्या. बोल!

"शुक्रवारी नक्की!"

मास्तर खूश होऊन गेले. साहेब वळले. "अप्पा, होईल ना शुक्रवारी?"

"छे! अजून कापलासुद्धा नाही."

"मग हे तर चूक उत्तर झालं!"

"तीस वर्षं हेच देतोय. कुणी एक तृतीयांश कापला का माझा? दुकान चालूच आहे की!"

साहेबांचा आ वासलेला तसाच राहिला. शेजारच्या डॉक्टरांनी पाहिला असता तर दोन दात भरूनच दिले असते. "मग हे मला वर्षभर का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? सोडलास ना." अप्पांनी घरून गुंडाळून आणलेलं ते काळं अस्तर टेबलावर पसरलं, खडूच्या रेघा झटकल्या आणि मास्तरांच्या कोटाचं माप त्यावर टाकलं. मग मान वर न करताच विचारलं, "पुढच्या वर्षीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस कधी?"

साहेब ताडकन उठले. "म्हणजे अजून एक वर्ष? शुक्रवार, अप्पा! येत्या शुक्रवारी!"

अप्पांनी कात्री हातात घेतली आणि चष्म्यावरून पोराकडे बघितलं.

"खरा शुक्रवार, की आपल्या दुकानातला?"