धाप कमी पडल्याबद्दल

१९७४ साली देशात ऊर्जा कमी पडू लागली, तेव्हा ती कोण किती खर्च करतो हे पाहणे सरकारला प्राप्त झाले. तेल, कोळसा आणि वीज यांच्यावर समित्या आधीच नेमलेल्या असल्यामुळे ‘खेळाडू शक्तिव्यय मोजणी समिती’च्या वाट्याला माणसे आली. ती समिती भिवंडीत उतरली.

पडघ्यामागच्या डोंगरपाड्यावरचा जिव्या मानकोली-पडघा शर्यतीत सलग तीन वर्षे पहिला येत होता. गवताचा भारा डोक्यावर घेऊन बाजार गाठायची त्याला लहानपणापासून सवय; पाऊल असे हलके पडे की मागच्याला ऐकू येऊ नये. पहिल्या नंबराला रोज चार अंडी आणि लिटरभर दूध असा सरकारी खुराक होता. त्यातले निम्मे जिव्या घरी नेई. बायकोला, सोमीला, सातवा महिना होता आणि ती भाकरीखेरीज काही खात नव्हती, कारण भाकरीखेरीज काही नव्हते.

मोजणीच्या दिवशी जिव्याच्या नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि पाठीवर रबरी पिशवी बांधण्यात आली. सोडलेला श्वास पिशवीत साठायचा, त्यावरून किती शक्ती खर्ची पडली ते ठरायचे. जिव्याने मैदानाला दहा फेऱ्या मारल्या. पिशवी अर्धीसुद्धा भरली नाही. मग विठू नावाच्या पोहणाऱ्याला तळ्यात उतरवून पिशवी शेजारच्या होडीत ठेवली. पहिल्याच फेरीत ती टम्म फुगली.

“शाबास!” समितीचे साहेब विठूला म्हणाले. मग चष्म्यावरून त्यांनी जिव्याकडे पाहिले. “तुझा खर्चच होत नाही. खुराक कशाचा द्यायचा?”

“पन साहेब, पयला तर मीच येतो ना?”

“येतोस. पण कष्ट न करता.”

खुराक निम्मा झाला. उरला तो सगळा जिव्या सोमीला देऊ लागला, त्यामुळे तो वाळला, वजन घटले आणि दुसऱ्या मोजणीत पिशवी पावच भरली. ‘खुराक घटवल्याने कार्यक्षमता वाढते’ असा निष्कर्ष मुंबईला कळवण्यात आला. तिकडून अभिनंदनाचे पत्र आले आणि खुराक बंद झाला.

“त्यांना धाप पायजे ना?” सोमी म्हणाली. “मंग दे की!”

“लागतच न्हाय, तर कुठून देऊ?”

“आपला मुकादम देतो तशी. बसल्या जागी कण्हतो, आन् सगले म्हनतात, किती राबतो!”

तिसऱ्या मोजणीला जिव्या हात झाडत, पाय आपटत, दर दहा पावलांना कण्हत पळाला. दुसरी पिशवी लावावी लागली. साहेबांचे डोळे पाणावले. सहा अंडी मंजूर झाली. अट एकच: शर्यतीतही असेच पळावे, खात्रीसाठी निरीक्षक सायकलवरून सोबत येतील.

शर्यतीत जिव्याने जन्मात पहिल्यांदा आपल्यापुढे नऊ पाठी पाहिल्या. दोनदा पाय आपसूक सुटले. त्याने सोमीचे पोट आठवून त्यांना आवरले. पडघ्याच्या बाजारात तो लटपटत, तोंडाला फेस आणून दहावा पोहोचला. जी माणसे तीन वर्षे “ह्याला काय, सहज जमतं” म्हणून पाठ फिरवत, त्यांनी आज टाळ्या वाजवल्या. साहेबांनी ‘श्रमवीर’ म्हणून हार घातला. जिव्या मान खाली घालून उभा राहिला. लोकांना तो थकवा वाटला.

सोमीला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत.

त्या शर्यतीत पहिला कोण आला, याची समितीच्या अहवालात नोंद नाही. ते कुणी विचारलेही नाही. तुम्हीसुद्धा नाही.