मगदूम अण्णांचं आपोआप घर

मगदूम अण्णांच्या घरात भिंतीवर एकही बटण नव्हतं. नवा पाहुणा अंधारात भिंती चाचपत राहायचा आणि अण्णा खुर्चीत बसून त्याच्याकडे कौतुकाने बघत म्हणायचे, "शोधा, शोधा. सापडायचं न्हाई."

अण्णा आमचे शेजारी. एका साखर कारखान्यात विजेचं खातं सांभाळून निवृत्त झालेले. सांगलीत आमच्या कॉलनीत नुकती कुठे घरोघरी केबल यायला लागली होती, टेलिफोन असलेल्या घराकडे लोक आदराने बघत होते, अशा काळात या गृहस्थांनी घर बांधायला काढलं आणि गवंड्याच्या आधी स्वतः भिंतींवर निळ्या खडूने रेघा मारल्या. कुठून कुठली वायर जाणार, कुठे कुठला रिले बसणार. गवंडी बिचारा दारं-खिडक्यांची जागा विचारायचा. अण्णा म्हणायचे, "खिडकीचं मागनं बघू. आधी सिस्टीम."

मी मूळचा साताऱ्याचा. आमच्याकडे दिवा लावायचा झाला तर माणूस उठतो, बटण दाबतो आणि परत येऊन बसतो. यात काही कमी आहे असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. मी हे अण्णांना सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे फार कीव करून बघितलं.

"आवं मास्तर, बटन दाबायला माणूस कशाला पायजे? समदं आपोआप!"

या 'आपोआप'ने आम्हा सगळ्यांचा जीव खाल्ला. फाटकातल्या पायपुसण्यावर पाय पडला की व्हरांड्यातला दिवा लागायचा. तो मांजराचा पाय पडला तरी लागायचा, आणि पाहुणा किडकिडीत असला तर लागायचा नाही. आमच्या हिला तो लागला नाही तेव्हा ती आठवडाभर खुशीत होती. पुढच्याच रविवारी लागला. तेव्हापासून त्यांच्या फाटकातून आत जाणं तिने बंद केलं.

टाकी भरली की पंप आपोआप बंद होणार, असं अण्णांनी सांगितलं होतं. तो बंद व्हायचा, पण टाकी आमच्या जिन्यात उतरल्यावर. वीज जाऊन परत आली की घरातली सगळी यंत्रं एकदम जागी व्हायची. पंखे, रेडिओ, मिक्सर, पंप. भारनियमनाच्या दिवसांत तर त्या घरात रोज एकदा लग्नाची वरात शिरल्यासारखं वाटायचं.

स्वयंपाकघराची कथा निराळी. तिथे अण्णांनी टाळी वाजवली की लागणारा आणि परत वाजवली की विझणारा दिवा बसवला. अक्कांचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, हात पिठात असतात, भिंतीला पीठ लागायला नको, असा त्यांचा विचार. विचार चांगला होता. फक्त ज्या घरात रोज ज्वारीच्या भाकरी थापतात तिथे टाळीचा दिवा बसवू नये, हे कारखान्यात कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. अक्कांनी पहिली भाकरी थापायला घेतली आणि दिवा लागला, विझला, लागला, विझला. आम्हाला आमच्या खिडकीतून वाटलं, कुणीतरी मदतीसाठी खूण करतंय. मी धावत गेलो, तर अण्णा दारात उभे राहून अक्कांना सांगत होते, "जरा हळू थाप की!"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "हळू थापून भाकरी व्हती व्हय?"

त्या दिव्याची उचलबांगडी दिवाणखान्यात झाली. तिथे बायका भजनाला जमल्या, की पुढचं सांगायला नको.

अशा माणसाची टिंगल करायला कॉलनीला निमित्त लागत नव्हतं, आणि मी त्यात पुढे होतो. मात्र त्या घरातली एक गोष्ट अशी होती की तिथे आमची जीभ जरा अडखळायची. ती म्हणजे अक्कांचे डोळे.

अक्कांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरात त्या सवयीने वावरायच्या, भाकरी हाताच्या अंदाजाने थापायच्या. पण त्यांचा एक नियम होता, लहानपणी तासगावकडच्या माहेरी घेतलेला: दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. त्यांच्या जैन समाजात पुष्कळजण पाळतात, पण अक्कांइतकं काटेकोर मी दुसरं पाहिलं नाही. आता दिवस मावळला की नाही तेच त्यांना दिसेना. शंका आली की ताट बाजूला सारायच्या. संध्याकाळचं जेवण असं वरचेवर बुडायला लागलं आणि अक्का वाळत चालल्या.

"अजून उजेड आहे, जेवा," असं आमची ही त्यांना एकदा म्हणाली. अक्का हसल्या. म्हणाल्या, "तू मायेनं सांगतीस बाई. माणूस मायेपोटी खोटं बोलतंय. ह्यांचं तर इचारूच नगंस."

अण्णांवर नियमाच्या बाबतीत त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. अण्णा बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जायचे ते तिथल्या फ्यूज बघायला, आणि स्टँडवरची कांदाभजी खाताना त्यांना अर्ध्या सांगलीने पाहिलं होतं.

मग अण्णांनी घंटा बसवली. गच्चीवर उजेड ओळखणारा एक डोळा, खाली स्वयंपाकघरात शाळेतल्यासारखी विजेची घंटा. सूर्य मावळला की घंटा. मी म्हटलं, "अण्णा, कॅलेंडरवर सूर्यास्ताची वेळ छापलेली असते."

"त्यो मुंबईचा सूर्य, मास्तर. आमच्या अक्काला सांगलीचा लागतोय."

घंटेवर अक्कांचा विश्वास बसला. यंत्राला कुठली आलीय माया! उन्हाळाभर त्या रोज घंटेच्या आत पोटभर जेवल्या, आणि अण्णा कॉलनीत छाती काढून हिंडले.

पुढे पाऊस सुरू झाला. एका दुपारी असं काळं आभाळ आलं की गच्चीवरचा डोळा फसला आणि ऐन जेवणात घंटा घणघणली. अक्कांनी हातातला घास ताटात ठेवला. अण्णा, शेजारपाजार, सगळे ओरडून सांगत होते की दुपारचे दोन वाजलेत. अक्का म्हणाल्या, "तुमी समदे एक व्हऊन सांगताय. मशीन न्हाई खोटं बोलायचं." दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही.

त्या दिवशी अण्णांचा चेहरा बघवत नव्हता. माझ्या ओठांवर आलेला विनोद मी गिळला. फार कमी वेळा असं घडतं.

दोन दिवसांत त्यांनी जाहीर केलं की सिस्टीम सुधारली. आणि खरंच सुधारली! आभाळ कितीही भरून येवो, घंटा बरोबर सूर्यास्तालाच वाजू लागली. त्या घरात धडपणे चालणारी ती एकमेव वस्तू होती. लोक तिच्यावर घड्याळं लावायला लागले.

पण अण्णा बिघडले. संध्याकाळी चौकात येईनात. कुणाच्या बारशाला नाहीत, कुणाच्या सत्यनारायणाला नाहीत. माझ्या मुलीचा साखरपुडा साताऱ्याला होता. अण्णांना मी मुद्दाम बरोबर नेलं, कारण व्याह्यांच्या घराला दिव्यांच्या माळा त्यांनीच लावायच्या ठरल्या होत्या. माळा त्यांनी लावल्या. त्या लागल्याही. आणि पंगत बसायच्या आत गृहस्थ पिशवी उचलून निघाले.

"अण्णा, ताटं वाढलीत!"

"दीडची यष्टी हाय. सिस्टीमकडं बगाया पायजे."

व्याह्यांसमोर माझं तोंड एवढंसं झालं. आपोआप चालणाऱ्या यंत्राकडे बघायला माणूस कशाला लागतो, असं मी सगळ्यांदेखत विचारलं. ते नुसते हसले आणि गेले. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही.

भाद्रपदात, त्यांच्या दशलक्षण पर्वाच्या दिवसांत, एका संध्याकाळी त्यांची टाकी पुन्हा आमच्या जिन्यात उतरली. वरून पाऊस चालूच होता. अबोला मोडायला भांडणाइतकं चांगलं कारण नाही म्हणून मी छत्री घेऊन निघालो. हाका मारल्या, कुणी ओ देईना. त्यांच्या घराच्या मागून गच्चीवर जाणारा बाहेरचा जिना आहे. मी तावातावाने चढू लागलो आणि मध्येच थांबलो.

अर्ध्या जिन्यावर, स्वयंपाकघराच्या झरोक्याशी, अण्णा पोत्यावर बसले होते. डोक्यावर छत्री. एका हातात दाराच्या घंटीचं असतं तसलं साधं बटण, त्याची वायर झरोक्यातून आत गेलेली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आत अक्का जेवत होत्या. वडूजहून त्यांची भाची आली होती, तिची गाडी उशिरा पोचल्यामुळे स्वयंपाक लांबला होता, हे आतल्या बोलण्यावरून कळत होतं. मी पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य कधीच गेला होता. ढगांच्या कडेला राहिलेली तांबूस रेघही विझत आली होती.

"अण्णा," मी कुजबुजलो, "मावळला की."

"गप ऱ्हावा. दोन घास ऱ्हायल्यात."

"अहो, पण त्यांचा नियम? पाप लागेल त्यांना."

अण्णांनी झरोक्यातून नजर काढली नाही. "तिला कशाला लागंल? बटन माज्या हातात हाय. लागलं तर मला लागंल."

अक्कांनी सावकाश शेवटचा घास खाल्ला. तांब्या चाचपून पाणी प्याल्या, तांब्या खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं. अण्णांनी त्यानंतरही जरा वेळ जाऊ दिला आणि बटण दाबलं. घंटा घणघणली. अक्कांनी हात जोडले आणि भाचीला म्हणाल्या, "बगितलंस? टायमात झालं. आमच्या ह्यांचं मशीन लय पक्कं हाय."

मला त्या माणसाच्या पायांवर हात ठेवावासा वाटला. छत्री आणि जिना दोन्ही आड येत होते, म्हणून राहिलं.

आतून अक्कांची हाक आली, "आवं, कुठं हाय तुमी? जेवाया या की!"

अण्णा ओ देणार कसे? जिन्यावरून ओ दिली असती तर सगळं उघडं पडलं असतं. त्यांनी बटण झरोक्याच्या आडोशाला ठेवलं, छत्री माझ्या हातात दिली आणि भिजत, घराला वळसा घालून पुढच्या फाटकाशी गेले. तिथे उभं राहून त्यांनी कडी चांगली दणदणीत वाजवली, आणि चौकातून आल्यासारखे ओरडले, "आलो गं, आलो!"