सिनेमातला म्हातारा मेला, हंबरडा आमच्या दारात

सिनेमा असो की पुस्तक, त्यातलं माझ्याइतकं कळणारा माणूस आमच्या अख्ख्या कोचकोर गावात नाही! घोंगडीवर आडवं व्हायचं, उशाशी चहा, पोटावर पुस्तक. पुस्तक वाईट असेल तर झोप लागते, चांगलं असेल तर चहा गार होतो. एवढी परीक्षा मला पुरते.

त्या शनिवारी मात्र परीक्षा माझीच झाली.

माझ्या लेकीला, नूरजातला, कानातलं घालायला तिच्या सासरची मंडळी यायची होती. कानातलं घातलं की मुलगी ठरली! पोरगा तिनं स्वतः पसंत केलेला, त्यामुळे ती सकाळपासून आरशासमोरून हललेली नव्हती. बायको, बुरूल, पाहुण्यांसाठी कणकेचे बोरसोक तळत होती. धूर कोंडू नये म्हणून खिडक्या सताड उघड्या. आणि सासूबाई टीव्हीसमोर, पेनड्राइव्हवरचा सिनेमा बघत. कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून आवाज असा की शेजारच्या मेंढ्यांनाही कथा कळावी!

सिनेमा होता हरवलेली घोडी शोधायला बर्फात निघालेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाचा. त्याचं पुस्तक मी वाचलेलं. शेवटच्या पानावर म्हातारा मरतो.

"जावईबापू, वाचतो ना हो हा?" सासूबाईंनी विचारलं.

"ठणठणीत! घोडीवर बसून घरी येतो, वर पातेलंभर सूप पितो!" मी ओरडून सांगितलं. का? अहो, निर्धास्त बसलेल्या माणसाचा चेहरा पडताना बघण्यासारखी दुसरी मजा नाही!

पण मजा हुकली. नेमकं तेव्हाच बुरूलनं मला चहाच्या समोवारसाठी लाकडं फोडायला परसातल्या खोपटात पिटाळलं.

घरात काय झालं ते मला नंतर कळलं. म्हातारा मेला. सिनेमातली म्हातारी भिंतीकडे तोंड करून शोकगीत गाऊ लागली. माणूस गेलं की आमच्याकडे घरच्या बाया असंच गातात, आणि सासूबाई म्हणजे त्यातल्या पट्टीच्या. लांबलांबून बोलावणी येतात!

"हे काय गाणं आहे?" त्या गरजल्या. "नवरा मेलाय की विजेचं बिल वाचतेय? बुरूल, इकडे ये, दाखवते कसं रडतात ते!"

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड करून सूर लावला. "घरधन्या रे, माझ्या डोंगरा! घर उघडं टाकून कुठे निघालास रे!" बुरूल तर म्हातारा वाचणार म्हणून बेसावध होती. तिनं झारा हातात घेऊनच साथ धरली.

शेजारचा मुकाश गोठ्यात होता. आता रीत अशी, की शोकगीत ऐकू आलं की पुरुषानं हंबरडा फोडतच त्या घराकडे निघायचं. आधी रडायचं, मग विचारायचं. आधी विचारलं तर लोक म्हणतात, याला काळीज नाही! या घराचा धनी कोण, तर मी, जोल्दोश. म्हणजे गेलो तो मीच!

"अरे माझ्या जोल्दोश! माझ्या पाठीराख्या! असा दिलदार शेजारी पुन्हा होणे नाही रे!"

मी कुऱ्हाड थांबवली, फटीतून पाहिलं. कुंपण हातभर सरकवलं म्हणून आदल्याच दिवशी या मुकाशनं मला चोर म्हटलं होतं! आता खरं सांगा, तुम्ही असता तर लगेच बाहेर आला असता? मी ओंडक्यावर मस्त बूड टेकलं. मागोमाग अख्खी गल्ली आली. कुणी मला सिंह म्हणालं, कुणी डेरेदार झाड. आपण असे आहोत हे मला माहीतच नव्हतं!

तेवढ्यात गाडी थांबली. व्याही सागिनाली आणि विहीणबाई. व्याह्यांनी गर्दी पाहिली, टोपी सारखी केली, शोकाच्या रीतीप्रमाणे दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि असा आवाज काढला की कोंबड्या उडाल्या. "व्याहीबुवा! एकत्र बसून चहासुद्धा प्यायलो नाही हो आपण! पोरकं केलंत मला!"

वा! मी खूश.

मग ते खोपटाला टेकून विहीणबाईंच्या कानाशी लागले. "कानातल्याची डबी लपव. आता वर्षभर शुभकार्य नाही. आणि वर्षात काय काय होतं कोण जाणे! ती तलासकडची सांगून आलेली मुलगीही वाईट नव्हती."

दारात नूरजात उभी होती. नव्या कपड्यांत. डबी पिशवीत जाताना तिनं पाहिली आणि तिची हनुवटी थरथरायला लागली.

मी धाडकन बाहेर आलो. कुऱ्हाडीसकट!

"मेलेला कुऱ्हाड घेऊन आला!" मुकाश किंचाळला आणि कुंपणावर चढला.

"मी जिवंत आहे!"

"दिसतंय!" सागिनाली लालबुंद झाले. "माझ्या बापासाठी इतका ओरडलो नव्हतो मी! तुमच्या थट्टा ऐकून होतो, पण स्वतःच्या मरणाची?"

"अहो व्याही, सिनेमा होता! सिनेमातला म्हातारा मेला, त्याच्यासाठी रडत होत्या या!"

"सिनेमा म्हणे! चल गं, बस गाडीत."

माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? जन्मभर कमावलेली कीर्ती! पण सासूबाईंनी बाहेर येऊन व्याह्यांचं मनगट धरलं.

"कुठे निघालास? आधी बघ, मग रागव. नूरजात, ने तो सिनेमा मागे!"

एवढ्या म्हाताऱ्या बाईचा शब्द कोण मोडणार? बसले सगळे. मुकाशही कुंपणावरून उतरून आला. सागिनाली आधी पाठ करून बसले, मग तिरके, मग सरळ. बर्फात म्हाताऱ्याला घोडी सापडली. त्यानं तिच्या मानेवर डोकं टेकलं, डोळे मिटले, आणि व्याह्यांच्या तोंडून आवाज फुटला. बारीक, कोंडलेला. हातातला बोरसोक तसाच, नाक बाहीला.

"यांच्या वडिलांची अशीच घोडी होती," विहीणबाई हळूच म्हणाल्या.

मग त्यांनीच पिशवीतून डबी काढली, नूरजातला जवळ ओढलं आणि कानातलं घातलं. सासूबाईंनी आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. ठरली पोर!

मी चहा ओतला, छाती फुगवली. "व्याही, काही म्हणा, पण मघाशी माझ्यासाठी काय रडलात! कोंबड्या उडाल्या!"

सागिनाली लाजले. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. जाणकार बाई ना! बाकी काही नाही, पण रडणं त्यांना बरोबर ऐकू येतं.

सासूबाईंनी घोट घेतला. "त्या म्हाताऱ्यासाठी रडलास, ते रडणं. जावईबापूंसाठी नुसता घसा साफ केलास."

व्याह्यांनी मान डोलावली. मुकाशनं डोलावली. बुरूलनंसुद्धा!

आता तुम्हाला म्हणून सांगतो, खोपटात मलाही तसंच वाटलं होतं.