पुढची दोन चाकं

जुनी गाडी बघायला निघताना डॉक्टरीणबाईंनी बॅगेत स्टेथोस्कोप टाकला, आणि काकांना ते अगदी रास्त वाटलं. डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर होत्या. गाय असो, घोडा असो, विकणारा काय सांगतो ते कानाआड करायचं आणि जनावर काय सांगतं ते ऐकायचं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. चार पायांना लागू पडणारी गोष्ट चार चाकांना का लागू पडू नये, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

काकांचा अधिकार वेगळा होता. त्यांनी आयुष्यात जी जी वापरलेली वस्तू विकत घेतली, तिच्यात ते फसले होते. शिवणयंत्र घेतलं, त्याने टाके घालण्याऐवजी उसवायला सुरुवात केली. पंप घेतला, तो पाणी चढवण्याऐवजी टाकीतलंच खाली सोडायचा. "फसवणुकीचा असा एक प्रकार नाही जो माझ्यावर झालेला नाही," असं ते छाती काढून सांगत, आणि घरातले सगळे त्यांना जाणकार मानत. पुतणी गाडी घेतेय म्हटल्यावर त्यांना मागे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

गाडी हौसेसाठी नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याकडे डोंगरावरच्या वस्त्या होत्या, आणि वर जाणारी वाट म्हणजे दगड, घसरण आणि दोन ओढे. स्कूटर पहिल्या ओढ्यापर्यंत साथ द्यायची, पुढे पायपीट. मागच्या महिन्यात अशाच त्या धापा टाकत वर पोचल्या, तर वासरू गेलेलं होतं आणि गायही वाचली नाही. वस्तीवरचं कुणी त्यांना उणाअधिक शब्द बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. उतरतानाच त्यांनी ठरवलं की चारही चाकं ओढतील अशी, अरुंद वाटेवर मावेल अशी छोटी गाडी घ्यायची. नवी परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेली.

गाडीचे मालक ग्रंथपाल होते. अंगणात गाडी कापडी खोळीत उभी होती, आणि ती खोळ त्यांनी झोपलेल्या बाळाची दुलई काढावी तशी काढली. डोंगर-जंगलं पालथी घालायची म्हणून त्यांनी ही घेतली होती. नकाशे आणले, दुर्बीण आणली, जाड तळाचे बूट आणले. प्रत्यक्षात गाडी घर ते ग्रंथालय आणि ग्रंथालय ते भाजीबाजार एवढीच फिरली. त्यांची बायको दारात उभी होती. इतकी वर्षं गाडीवर पाणी ठिबकेल म्हणून तिला अंगणात कपडे वाळत घालता आले नव्हते, त्यामुळे व्यवहार लवकर व्हावा ही तिची इच्छा चेहऱ्यावरच होती.

"मी हिला फार जपलंय," ग्रंथपाल म्हणाले. "फोर-व्हीलचा दांडा तर एकदाही ओढला नाही. उगाच झिजायला नको."

हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय, असं काकांनी पुतणीच्या कानात सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी बोलण्याआधी बॉनेटवर तळवा ठेवला. कोमट लागलं. ग्रंथपालांना खोटं बोलायची सवय नव्हती. पाहुणे येणार म्हणून आधीच जरा चालू करून ठेवली होती, हे त्यांनी लगेच कबूल केलं. गार असताना ती थोडी कुरकुरते. लंगडी गाय बाजारात आणणारेही तिला आधी चांगली चालवून, पाय मोकळे करून मगच गिऱ्हाइकापुढे उभी करतात, हे डॉक्टरीणबाईंना माहीत होतं. त्या म्हणाल्या, गार होईपर्यंत थांबू. मग सगळे ओट्यावर बसले. चहा झाला, परत चहा झाला, काकांनी पंपाची हकिगत पहिल्यापासून सांगितली. इंजिन गार पडलं तेव्हा ग्रंथपालांची बायकोही पुरती गार पडली होती.

चावी फिरवल्यावर गाडी खोकली, थोडा धूर सोडला आणि नीट चालू लागली. डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि इंजिनावर ठिकठिकाणी टेकवून ऐकत राहिल्या. ग्रंथपाल पेशंटच्या नातेवाइकासारखे हात चोळत उभे. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, की काही गंभीर तर नाही ना. श्वास बरा आहे, असं उत्तर मिळाल्यावर ते खाली बसले.

मग डॉक्टरीणबाई पोतं अंथरून गाडीखाली शिरल्या. खालचा सांगाडा नवा काळा रंग देऊन चकचकीत केलेला होता, आणि रंगाखाली गंज लपवणं ही जुनी युक्ती आहे. त्यांनी छोट्या हातोडीने सांगाडा इथे-तिथे ठोकून पाहिला, नखाने रंग खरवडला. लोखंड खणखणीत होतं. गिअरचं तेल काढून बोटावर घेतलं. गाडी खोल पाण्यात बुडालेली असली की पाणी आत जाऊन ते तेल दुधाळ होतं. हे मधासारखं स्वच्छ निघालं. चारही टायर एका मापाचे आणि सारखे झिजलेले. काका प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते, पण त्यांची बेचैनी वाढत चालली होती. जिच्यात खोट सापडत नाही अशी वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"खोट दिसत नाही म्हणजे ती खोल आहे," ते म्हणाले. "फोर-व्हील बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

ग्रंथपालांनी दांडा ओढला. समोरच्या पट्टीवर हिरवा दिवा लागला, आणि सगळ्यांनी तो दिवा कौतुकाने पाहिला. काकांच्या सांगण्यावरून डॉक्टरीणबाईंनी कोरड्या, टणक रस्त्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडीला गोल फिरवलं. गाडी लोण्यासारखी फिरली. कुठे धक्का नाही, कुठे अडखळणं नाही. काकांनी पहिल्यांदाच समाधानाने मिशीवरून हात फिरवला आणि जाहीर केलं, की आता फक्त चिखल.

चिखल जवळच होता. घरांच्या रांगेमागे वीटभट्टी होती आणि तिथे माती भिजत घातलेला मोठा खड्डा होता. भट्टीवाल्याने परवानगी दिली, वर बघायलाही आला. डॉक्टरीणबाईंनी गाडी आत्मविश्वासाने आत घातली. ती खड्ड्याच्या बरोबर मध्यापर्यंत तितक्याच आत्मविश्वासाने गेली आणि बसली. ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं गरगर फिरत, गाडी जागची हलत नसे, उलट थोडी आणखी खाली जात असे.

"चारही चाकं लागलीत, म्हणून जोर जास्त होतोय," काकांनी निदान केलं. "मागून जरा रेटा दिला की झालं."

ते खाली उतरले. त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून ग्रंथपाल इस्त्रीच्या पँटीत उतरले. दोघांनी खांदा लावला आणि चाकांनी दोघांना डोक्यापासून पायापर्यंत लिंपून काढलं. काकांच्या एका पायातला बूट खड्ड्याने ठेवून घेतला तो घेतलाच. मग भट्टीवाल्याने आपला ट्रॅक्टर आणला, कारण आपल्या आवारात कुणी अडकणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. ट्रॅक्टर दोर बांधायला जरा जास्तच पुढे आला आणि त्याचीही मागची चाकं मातीत रुतली. हा ट्रॅक्टर आजवर कधी अडकला नव्हता, असं सांगताना भट्टीवाला काकांकडेच बघत होता. आवाज ऐकून ग्रंथपालांची बायको आली, तिने नवऱ्याला ओळखायला थोडा वेळ घेतला, आणि मग सांगितलं की अंगणात तिने दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले आहेत, तेव्हा गाडी परत आणायची झाली तर तिला जागा नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. लंगडणारं जनावर समोर आलं की त्या दुखऱ्या पायाला आधी हात लावत नसत. चालवून बघत, कोणता पाय अंग चोरतोय ते. त्यांनी काकांना स्टिअरिंगवर बसवलं, ॲक्सिलरेटर हळू दाबायला सांगितला आणि स्वतः गुडघाभर चिखलात गाडीभोवती फिरल्या. मागची चाकं फिरत होती. पुढची दोन्ही ढिम्म होती. हिरवा दिवा मात्र इमानेइतबारे जळत होता.

त्यांनी पुढच्या चाकाच्या मधोमध साचलेली माती पुसली. तिथे एक गोल खटका होता, बाण असलेला, फिरवता येईल असा. कुणीच कधी फिरवलेला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी पिळून फिरवला आणि तो करकरत बसला. दुसऱ्या बाजूचा खटका चिखलाखाली होता. तिथे खांद्यापर्यंत हात घालून, न बघता, बोटांनी चाचपत काम करावं लागलं. पण ते त्यांना रोजचंच होतं.

"आत दांडा ओढून भागत नाही," त्या उठत म्हणाल्या. "बाहेर उतरून पुढची चाकंही जोडून घ्यावी लागतात. नाहीतर ती नुसती बरोबर चालतात, ओढत नाहीत."

मग रस्त्यावर गाडी लोण्यासारखी का फिरली तेही त्यांना उमगलं. चारही चाकं खरोखर जोडलेली असती तर कोरड्या टणक रस्त्यावर एवढं वळताना गाडीने धक्के द्यायला हवे होते. आजाराचं लक्षण बघून ते सगळे मिशीवरून हात फिरवत बसले होते.

त्या आत बसल्या आणि गिअर टाकला. गाडीने क्षणभर विचार केला, पुढची चाकं मातीत रोवली, आणि घाई न करता ती खड्ड्याबाहेर चालत आली. मग तिलाच दोर बांधून ट्रॅक्टर ओढून काढला. भट्टीवाला आत निघून गेला. ग्रंथपाल मात्र तोंड उघडं टाकून बघत राहिले होते. त्यांच्या गालावरच्या चिखलात दोन ओल्या रेघा उमटल्या होत्या.

"मला ही विकायची नाही," ते म्हणाले.

बायकोने कपाळावर हात मारला. काकांची तर विलक्षण अवस्था झाली. आजपर्यंत त्यांनी पाहिलेला प्रत्येक विक्रेता वस्तू गळ्यात बांधायला टपलेला होता. देत नाही म्हणणारा हा पहिलाच. म्हणजे गाडी नक्कीच अस्सल. त्यांनी सूर बदलला आणि ग्रंथपालांना समजावायला घेतलं की गाडी खोकते, धूर सोडते, अशी ब्याद घरात ठेवू नये. पण सकाळपासूनची तपासणी ग्रंथपालांनी कान देऊन ऐकली होती. त्यांनी एकेका खोटेला त्या तपासणीतलंच उत्तर दिलं, आणि काका आयुष्यात प्रथमच खऱ्या वस्तूपुढे हरले.

डॉक्टरीणबाईंनी बॅग उचलली. मन घट्ट करून त्या परत निघणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वरच्या वस्तीवरची म्हातारी बोलत होती. गाय सकाळपासून कळा देतेय, वासराचा एकच पाय बाहेर दिसतोय. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, आणि तो सगळ्यांना दिसला.

"सर, गाडी विकू नका," त्या म्हणाल्या. "पण आत्ता मला वर पोचवा."

"चला," ग्रंथपाल म्हणाले. "मीच चालवतो."

इतक्या वर्षांनी त्यांना डोंगर मिळाला होता, ते कशाला दुसऱ्याला चालवू देतील. चिखलाने माखलेले काका मागे बसले. पहिला ओढा गाडीने सहज पार केला, दुसरा जरा डुलत पार केला, आणि ग्रंथपाल चक्क शीळ घालू लागले. मग वाट डोंगराच्या कडेला आली आणि शीळ थांबली. एका वळणावर डॉक्टरीणबाईंचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

"सर, डोळे उघडा."

"उघडले की दरी दिसते हो," ग्रंथपाल कळवळून म्हणाले.

तिथेच गाडी थांबवून चालक बदलला. ग्रंथपाल मागे काकांशेजारी जाऊन बसले, आणि डॉक्टरीणबाईंनी उरलेली चढण अशी काढली की काका तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिले आणि गाडीने एकदाही कुरकुर केली नाही.

वस्तीवर गाय आडवी पडून होती. वासराचा दुसरा पाय आत मुडपलेला होता. डॉक्टरीणबाईंनी बाह्या वर केल्या, पाय मागे सारला, सरळ केला, आणि कळ आली तसं हलक्या हाताने ओढलं. वासरू बाहेर आलं आणि निपचित पडून राहिलं. त्यांनी त्याचं नाक साफ केलं, बरगड्या जोरजोराने चोळल्या. मग ते शिंकलं. म्हातारी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनाही रडू आलं, आणि या वेळी त्यांनी ते अडवलं नाही.

ग्रंथपाल बांधावर बसून खाली बघत होते. खाली शहर, नदीची रेघ, आणि कुठेतरी त्यांचं ग्रंथालय. बऱ्याच वेळाने ते उठले आणि त्यांनी चावी डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवली.

"मला वाटायचं, मला गाडी चालवायचीय," ते म्हणाले. "मला नुसतं वर यायचं होतं. घेऊन टाका. फक्त तुम्ही वर येताना मला बोलवत जा, मी मागे बसेन."

काकांनी पुतणीला बाजूला घेतलं. गाडी चोख आहे, हे त्यांना मान्य होतं; पण वस्तूबरोबर मालकही गळ्यात पडण्याचा हा प्रकार त्यांच्या अनुभवात नव्हता, आणि तो त्यांना जरा संशयास्पद वाटत होता. डॉक्टरीणबाईंनी हात धुतले, वासराला एकदा उभं राहिलेलं पाहिलं, आणि गाडी चालू केली.

उतरताना प्रत्येक वळणावर मागून ग्रंथपालांचा आवाज येत होता, की जरा हळू घ्या, दरी नीट बघता येत नाही.