वामनभाऊची मुदत

वामनभाऊकडे चा प्यायला गेलात नि साखर कमी वाटली, तर दुसऱ्या घोटाच्या आत सांगायचं. नंतर सांगितलंत तर म्हणतो, "मुदत गेली, वयनी. आता गोड मानून घ्या."

चिंचणीत माझ्या शेजारी राहतो. सुतार माणूस, बायको गेल्यापासून एकटा. मागं त्याने शाळेच्या बाकांचं सरकारी टेंडर भरलं होतं. काम गेलं दुसऱ्याला. हा भांडायला गेला तर सायब म्हणाला, हरकत घ्यायची मुदत कालच संपली. तवापासून हे खूळ. पालघरला गेला की कचेरीतला बोर्ड वाचल्याबिगर परतत नाय. कोणाच्या टेंडरची मुदत कवा संपते ते पाठ. विचारलं नाय तरी सांगतो.

मी मासळी विकायची तवा एकदा एक बाई सकाळची मासळी संध्याकाळी परत घेऊन आली. मी तोंड उघडायच्या आत हा बोलला, "बाई, मासळीची हरकत दुपारपर्यंत." बाई गेली. त्या दिवशी त्याचं खूळ मला बरं वाटलं.

मालक गेल्यावर मी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पोरी वाढवल्या. मग मानेनं दगा दिला. तवापासून बचत गटात अंगणवाडीची खिचडी शिजवते. आमा चार बायांची घरं त्याच्यावर. यंदा त्याचं टेंडर निघालं नि आमाला बाद केलं. म्हणे, कागद कमी. कागद तर आमी लावलेला. वामनभाऊ म्हणाला, "धा दिवसांत हरकत घ्या." अर्जही त्यानेच लिहून ठेवला.

बाद केल्याचा निकाल लागला तवा अमावास्या होती. आमची माणसं होडी लोटतात ती तिथी बघून, आमी पण तसंच मोजलं. दशमीला जाऊ, झाले धा दिवस.

नवमीला दुपारी आमी बोंबील वाळत घालत होतो. हा धापा टाकत आला. "उठा. आज शेवटचा दिवस."

"आज तर नवमी, भाऊ."

"षष्ठी दोन दिवस आली होती यंदा. सायबाच्या भिंतीला क्यालेंडर असतं, वयनी, पंचांग नसतं."

हात धुवायलाही दिलं नाय. रिक्षात कोंबलं नि थेट पालघर. कारकून पिशवी घेऊन उठलाच होता. म्हणाला, "उद्या या."

वामनभाऊ दारात उभा राहिला. "उद्या आलो तर तुमीच म्हणाल, काल का नाय आलात."

आमी चौघी टेबलाला खेटून उभ्या. बोंबलाच्या वासानं कारकुनाने नाकाला रुमाल लावला नि अर्जावर शिक्का मारला. वामनभाऊ म्हणतो कायद्यानं मारला. असेल.

पुढं सुनावणी झाली. आमचा कागद त्यांच्याच फायलीत निघाला. काम आमाला मिळालं.

पहिल्या दिवशी खिचडी उतरवली तवा हा अंगणवाडीच्या दारात. "बघायला आलो," म्हणाला. मी ताटली पुढं केली. पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसला. सारं पुसून खाल्लं. नळावर ताटली धुतली, फडक्यानं कोरडी केली, पोरांच्या ताटल्यांवर ठेवली. मग उगाच उभा राहिला.

"उद्या काय हाय, वयनी?"

"चवळीची उसळ नि भात."

"बरं," म्हणाला नि गेला.

आमची भिंत एकच. बायको गेल्यापासून त्याच्याकडनं फोडणीचा वास मला कधी आला नाय, हे तवा ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी निघताना मी घरच्या डब्यातनं त्याच्या वाटचा मूठभर तांदूळ पदराला बांधून नेला.