तात्यांचा पासवर्ड आणि जावयाचा मान

कंप्यूटर दोनच गोष्टींना घाबरतो, एक वीज जाण्याला आणि दुसरं मला! हे मी म्हणत नाही, देवासचं आमचं अख्खं ऑफिस म्हणतं. प्रिंटर रुसला की हाक येते, "विहंग भिया, जरा देखना!" मी जातो, एक बटण दाबतो आणि प्रिंटर सुरू! (ते बटण प्रिंटर बंद करून परत चालू करायचं असतं, पण ते आपल्यातच राहू द्या.)

तर यंदा अधिक महिना. धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं, म्हणून मी आणि माझी बायको विद्युल्लता सकाळीच धारला, माझ्या सासुरवाडीला हजर! अधिक महिन्यातला जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला पाट, चांदीची वाटी, वर "जावईबापू, अजून एक घ्या." आणि जावई काहीही बोलला तरी त्याला "नाही" म्हणायचं नाही, हा त्या घरचा कायदा. पुढचं सगळं रामायण या कायद्यानेच घडवलं.

सासूबाईंच्या अनारशांना काय सुरेख जाळी पडली होती! माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, एक खाल्ला आणि म्हणाले, "चालेल." तात्या याच्यापुढे कधी जात नाहीत. धाकटी लेक रुची एमएस्सीला पहिली आली, तेव्हाही "चालेल"च म्हणाले होते.

या रुचीचा त्याच दिवशी चार वाजता इंटरव्ह्यू होता. देवासची शाळा, पण इंटरव्ह्यू घरूनच, कंप्यूटरवर. त्याची लिंक ईमेलने यायची होती. आणि ईमेल कुणाचा? तात्यांचा! घरातला कुठलाही फॉर्म असो, त्यावर ईमेल कर्त्या पुरुषाचाच, ही तात्यांची शिस्त.

मी हात धुऊन येतो तर रुची रडवेली. "जिजाजी, मेल उघडतच नाहीये! सर्व्हर मिळत नाही म्हणतंय!"

"सरक," मी बाह्या सरसावल्या.

तात्या लगबगीने मागून आले. "राहू द्या, जावईबापू. तुम्ही आपले जरा लवंडा. होईल आपोआप."

"छे हो तात्या! सेव्ह केलेला पासवर्ड बिघडला की असंच होतं. जुना पुसायचा, नवीन भरायचा. झालं काम!"

"पण... पुसायलाच हवा का?"

"मुळासकट!"

मला वाटलं, जावयाला त्रास नको म्हणून संकोचतायत! मी सेव्ह केलेल्या पासवर्डांची यादी उघडली आणि 'सगळे काढून टाका' दाबलं.

तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "मघाशी कैरीची चटणी वाटायला मिक्सर लावला ना, तेव्हा मी त्या नेटच्या डबीचा प्लग काढला होता हो. आता लावलाय परत. काही अडलं नाही ना?"

डबीवरचे हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते आणि पडद्यावर चौकट आली होती, 'पासवर्ड टाका'.

"टाका तात्या," मी बारीक आवाजात म्हणालो.

"आठवत नाही," तात्या म्हणाले. ज्यांना घराण्याच्या सात पिढ्या तोंडपाठ, त्यांना पासवर्ड आठवत नाही!

मी 'पासवर्ड विसरलो' दाबलं. कोड गेला तात्यांच्या जुन्या मोबाईल नंबरवर, जो त्यांनी कधीच सोडून दिला होता. मी त्या नंबरवर फोन लावला. तो आता बदनावरच्या मंडीतल्या कुणा सोयाबीनवाल्याकडे होता.

"भाईसाब, आपके फोन पे एक कोड आया होगा, जरा बता दीजिए."

"अच्छा! ओटीपी चाहिए? ओ भिया, मेरे साढू को भी ऐसे ही टोपी पहनाई थी किसी ने! थाने में दूँ तेरा नंबर?"

"नहीं नहीं, मैं धार का जमाई हूँ..."

"सब जमाई ही बनने आते हैं!" फोन बंद.

शाळेचा फोन कोणी उचलेना. पावणेचार झाले. रुची आता हुंदके देऊन रडायला लागली. "किती दिवसांनी कुणी बोलावलं होतं मला!" मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जावईबापू," तात्या कळवळून म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर वाऱ्याला बसा. मी आठवून बघतो."

"अशा वेळी तुम्हाला एकटं सोडू? शक्यच नाही!"

आता मात्र सासूबाईंचा बांध फुटला. "अहो, भरा की एकदाचा! जावयाचा मान सांभाळत बसाल आणि पोरीची नोकरी जाईल हातची!"

पासवर्डाचा आणि माझ्या मानाचा काय संबंध, मला कळेना. तात्यांनी देवाचं नाव घेतलं आणि एका बोटाने टकटक सुरू केली. पडद्यावर नुसते ठिपके. म्हातारा माणूस, एखादं अक्षर चुकायचं! म्हणून मी मदतीला धावलो आणि अक्षरं दाखवणारा तो बारीक डोळा दाबला.

'विहंगनको'.

विद्युल्लता छताकडे बघत म्हणाली, "आपलं लग्न ठरत होतं ना, तेव्हाचा आहे तो."

मेल धडाधड उतरले, लिंक मिळाली, रुची दार लावून बसली. बाहेर मी तात्यांकडे बघेना, तात्या माझ्याकडे. बऱ्याच वेळाने दार उघडलं. "घेतलं मला! सोमवारपासून या म्हणाले!"

"चालेल," तात्या म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले.

मग खाली बघतच त्यांनी विचारलं, "जावईबापू, तो पासवर्ड बदलायचा कसा?"

मी पान उघडून दिलं आणि शहाण्यासारखं भिंतीकडे तोंड केलं. "नवीन भरा. शेवटी एक आकडाही लागतो." मागे बराच वेळ टकटक चालली होती.

तात्या चहाला गेले. मला काही राहवेना! सेव्ह केलेल्या पासवर्डांची यादी उघडली, 'दाखवा' दाबलं.

'विहंगचालेल१'.

विद्युल्लतेला ओढत आणून दाखवलं. म्हटलं, "बघ! चालेल म्हणालेत तात्या!"

तिने चष्मा सारखा करून नीट वाचलं. "फार फुगू नकोस," ती म्हणाली. "तो पुढचा एक आहे ना, तो दहापैकी असणार."