घोटीला उघडणारी पेटी

सई, ओजस,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, समोरच्या देवरे अण्णांचं पत्र्याचं शेड कुठे गेलं? ते गेल्या आठवड्यात उतरवलं. अण्णा गेले त्याला आता वर्ष होईल. शेड उतरताना मी गॅलरीत उभी होते, तेव्हाच ठरवलं की अण्णांबद्दल तुम्हाला लिहून कळवायचं. त्यांची एक गोष्ट मी इतके दिवस पोटात ठेवली होती. आता सांगायला हरकत नाही. त्यांच्या लेकीला, वैशालीला, विचारूनच लिहिते आहे.

दर रविवारी सकाळी साडेनऊला अण्णा एक फळीचा तुकडा बगलेत मारून आमच्या स्वयंपाकघरात येत आणि माझ्या केकच्या वजनकाट्यावर त्याचं वजन करत. काट्यावर मी पीठ मोजते, साखर मोजते; देवरे अण्णा लाकूड मोजत. “पाचशे बारा,” ते म्हणत. “वहिनी, लिहा.” मी वहीत लिहीत असे. पुढच्या रविवारी पाचशे चार. “उडतंय पाणी, उडतंय.” लागोपाठ तीन रविवार आकडा हलला नाही, की लाकूड वाळलं. तोपर्यंत त्याला करवत लावायची नाही. पावसाळी हवेत आकडा उलटा वाढला, की ते फळीशीच बोलत, आणि तेही त्यांच्या नामपूरकडच्या अहिराणीत: “काय रे, अजून तहान भागनी नही का तुनी?”

तुमचे आजोबा एकदा म्हणाले, “अण्णा, चहा तरी घ्या, का तोही मोजून देऊ?” अण्णांनी चहा घेतला आणि कप काट्यावर ठेवून पाहिला.

ते सुतार नव्हते. शाळेत भूमिती शिकवत. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या कायम पिशवीत. लग्नाला गेले तर मांडवाचा खांब तपासत, दवाखान्यात गेले तर टेबलाचा कोपरा. आमचा दिवाणखाना काटकोनात नाही हे आम्हाला त्यांच्यामुळे कळलं. वीस वर्षं आम्ही त्यात सुखाने राहत होतो.

पेटीचं वेड मात्र वैशालीच्या लग्नापासूनचं. आई लहानपणीच गेलेली, बापलेक दोघंच. लग्न ठरल्यावर अण्णांनी ऐन मे महिन्यात रुखवतात ठेवायला स्वतः पेटी केली. परसातल्या पडलेल्या आंब्याचं लाकूड. झाकण काठांच्या आत बसणारं, इतकं नेमकं की मधून केस जाणार नाही. ते केस घालून दाखवतही असत, म्हणजे जात नाही हे दाखवत. सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली.

पेटी गेली वैशालीच्या सासरी, घोटीला. नाशिकचा मे कोरडा ठणठणीत, आणि घोटीचा पाऊस म्हणजे भिंतीसुद्धा ओल्या. आंब्याचं लाकूड पाणी पिऊन फुगलं आणि झाकण बसलं ते बसलंच. आत वैशालीची सगळी सर्टिफिकिटं. दुसऱ्या दिवशी शाळेत नोकरीची मुलाखत. सासूने निखारे धरले, नवऱ्याने पेचकस मोडला. शेवटी ती पोरगी पेटी रिक्षात घालून पेटीसकट मुलाखतीला गेली. तिथल्या शिपायाने पहारीने झाकण फोडलं. नोकरी मिळाली, पण व्याही चार पाहुण्यांत हसत म्हणाले, “मास्तर, पेटी लय मजबूत केली बरं का. चोराला उघडायची नाय अन् मालकालाबी नाय.”

अण्णा हसले नाहीत. घरी आले, शेड बांधलं आणि मला म्हणाले, “वहिनी, घोटीत, भर श्रावणात उघडेल अशी पेटी केल्याशिवाय मी हा रंधा खाली ठेवणार नाही.”

मी म्हटलं, “अहो, स्टीलची ट्रंक द्या. नाहीतर प्लायवूडची करा.”

“प्लायवूड म्हणजे लाकडाचा फोटो!” आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रविवारी वजन करायला मात्र आले.

दुसरी पेटी चीडच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाची. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधून मोडक्या चौकटी टेम्पोत घालून आणल्या. हलकी, देखणी पेटी झाली. पण जोडली होती खिळ्यांनी. घोटीच्या दमटपणात खिळे गंजले आणि वैशालीच्या डोहाळजेवणाच्या साडीवर काळे डाग पडले. तेव्हापासून खिळा त्यांच्या मनातून उतरला. “खिळा म्हणजे जबरदस्ती. लाकडाने लाकडाला धरलं पाहिजे.” तिसरी कडुनिंबाची. कसर लागत नाही म्हणून निवडली. कसर लागली नाही. पण वाळायच्या आधीच घाई केली म्हणून फळीने पीळ धरला आणि पेटी तीन पायांवर उभी राहू लागली. “चूक माझी,” म्हणाले. “दोन रविवार कमी पडले.” मी वहीत पाहिलं. खरंच दोन कमी होते.

चौथ्या पेटीला दीड वर्ष लागलं. नाशकात एक जुनं घर पाडत होते, तिथली सागवानी दाराची चौकट त्यांनी मिळवली. “हिने साठ पावसाळे पाहिलेत, आता ही कशाला फुगेल?” तरी पाच महिने माझा काटा होताच. कोपऱ्यांना डव्हटेल: कबुतराच्या शेपटीसारखे दात एका फळीला, तशाच खाचा दुसरीला, एकमेकांत बसले की ओढून निघत नाहीत. पहिले चार कोपरे त्यांनी स्वतःच नापास केले. तळाची फळी त्यांनी चिकटवलीच नाही, चारी बाजूंच्या खोबणीत नुसती सरकवून ठेवली. झाकणालाही चौकट करून आतली फळी तशीच मोकळी सोडली. मला बोट घालायला लावून म्हणाले, “बघा, जागा ठेवलीय. फुगायचं तर फुगू दे, कुणाला ढकलणार नाही.” केस दाखवणारा माणूस आता फट दाखवत होता.

ती पेटी घोटीला गेली, आणि श्रावणात वैशालीचा फोन आला: “अण्णा, थोडं अडकतंय.”

अण्णा रंधा घेऊन निघाले. एरवी ते लेकीकडे जात नसत. “बिनकामाचा बाप लेकीच्या घरी शोभत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काम असलं तर जायचं, करायचं, जेवून परत यायचं. पुढच्या श्रावणात पुन्हा फोन, पुन्हा रंधा. त्याच्या पुढच्याही. मला त्यांची कीव येऊ लागली. एवढा हट्ट, एवढे रविवार, आणि पेटी काही उघडत नव्हती.

चौथ्या वर्षी त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून आम्ही दोघं त्यांना गाडीने घेऊन गेलो. पाऊस असा होता की घोटीचा बाजार दिसत नव्हता. अण्णांनी गेल्या गेल्या पडवीत पेटी ओढली, चष्मा लावला आणि कामाला लागले. आजोबा व्याह्यांशी भाताच्या लावणीवर बोलत बसले. मी वैशालीच्या मदतीला स्वयंपाकघरात गेले.

“पुन्हा अडकली ना गं?” मी हळू विचारलं. “फार मनाला लावून घेतात ते.”

वैशाली पोळी लाटता लाटता थांबली. “मावशी, ती पेटी पहिल्या दिवसापासून मस्त उघडते. पण अडकत नाही म्हटलं तर अण्णा येतील का?”

बाहेर रंध्याचा आवाज चालूच होता. एक तास झाला असेल. मी सवयीप्रमाणे केरसुणी घेतली. म्हटलं, छिलके साचले असतील, पोरं अनवाणी फिरताहेत.

पडवीत गेले. अण्णा झाकणाच्या काठावर रंधा फिरवत होते, लांब लांब हात मारून. नात त्यांच्या पाठीवर रेलून नदीचा धडा वाचून दाखवत होती. मी खाली पाहिलं. फरशी स्वच्छ होती. एकसुद्धा छिलका नाही. रंध्याचं पातं आत ओढून घेतलेलं होतं.

अण्णांनी माझ्या हातातली केरसुणी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. हात मात्र थांबवला नाही.

“वहिनी,” ते म्हणाले, “यंदा लाकूड फारच फुगलंय. आज काही हे व्हायचं नाही. दोन दिवस राहावं लागणार.”

“राहा की,” मी म्हटलं. “घाई केली की बिघडतं.”

केरसुणी मी परत नेऊन कोपऱ्यात ठेवली. वैशालीला तेव्हा काही बोलले नाही. पात्याचं सांगितलं ते अण्णा गेल्यावर. ती बराच वेळ रडली आणि मग हसली.

शेड गेलं. रंधा आणि गुण्या वैशालीने नेले. माझी रविवारची वही कपाटात आहे. पेटी घोटीला आहे, आणि तिच्यात आता नातीची पुस्तकं असतात.